रमाई : एका संसाराचे ऋण

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपल्या वस्त्यावस्त्यांतून माता रमाईंची जयंती साजरी होते आणि २७ मे रोजी त्यांचा स्मृतिदिन पाळला जातो. तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या लावल्या जातात, त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. मग एखादा वक्ता उभा राहतो व रमाईंनी सोसलेल्या हालअपेष्टांचे असे वर्णन करतो की आयाबायांचे पदर डोळ्यांना लागतात. सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात. पण त्या रात्री उशिरा घरी परतल्यावर आपल्यापैकी किती कार्यकर्ते घरातल्या बाईला, तू जेवलीस का, एवढे तरी विचारतात? हा प्रश्न आपल्या सभांतून कोणी विचारीत नाही. आज तो मनात ठेवूनच तुम्ही रमाईंचे चरित्र वाचावे, अशी विनंती आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांचा संसार सुमारे एकोणतीस वर्षांचा. त्यांतली सात वर्षांहून अधिक वर्षे दोघांच्यामध्ये समुद्र होता. उरलेल्या वर्षांत ग्रंथ होते, वर्तमानपत्र होते, कोर्ट होते, परिषदा होत्या, सत्याग्रह होते. सुखाचे म्हणावे असे दिवस फार थोडे. तरीही हा संसार तुटला नाही, विटला नाही. तो कशाच्या बळावर टिकला, हे आपण पाहू.

वणंदची रामी

रमाबाईंचा जन्म कोकणातला. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे वणंद हे त्यांचे गाव. ७ फेब्रुवारी १८९८ हा त्यांचा जन्मदिन मानला जातो. वडील भिकू धुत्रे, आई रुक्मिणीबाई. वलंगकर या नावानेही हे कुटुंब ओळखले जाई. दाभोळ बंदरावर आलेली मासळी टोपल्यांतून बाजारात पोचविणे हा भिकूंचा व्यवसाय. दिवसभर डोक्यावर ओझे वाहावे तेव्हा संध्याकाळी चूल पेटायची. त्या घरात रामी वाढली. भाऊ शंकर व धाकटी बहीण गौरा यांची जबाबदारी तिच्यावर लवकरच आली, कारण आई गेली आणि काही काळाने वडीलही गेले. पोरक्या भावंडांना वलंगकर काका व गोविंदपूरकर मामा यांनी मुंबईला आणले आणि भायखळ्याच्या बाजाराजवळ त्यांचे नवे जगणे सुरू झाले.

सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा आपल्या धाकट्या मुलासाठी, भीवासाठी मुलगी पाहत होते. त्यांना ही पोरकी, शांत, कामसू पोर पसंत पडली. १९०६ साली लग्न झाले. वर चौदा-पंधरा वर्षांचा, एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा; वधू आठ-नऊ वर्षांची. त्या काळी सर्वच जातींत बालविवाहाची चाल होती, आणि लग्नाबाबत मुलामुलींना विचारण्याची चाल कोणत्याच जातीत नव्हती.

लग्न कोठे झाले, तेही तुम्ही ध्यानात ठेवा. भायखळ्याच्या मासळीबाजारात. दिवसाचा बाजार उठला, कोळणी पाट्या घेऊन घरी गेल्या, तेव्हा रात्री त्या उघड्या छपराखाली एका कोपऱ्यात वराकडची मंडळी बसली, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. मासळी विकण्याचे दगडी ओटे हीच बसण्याची जागा, आणि पायाखालून गटाराचे पाणी वाहत होते. सकाळी बाजार भरण्याच्या आत सर्व आटोपायचे होते. मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या बापाची लेक मासळीबाजारातच सासरची झाली. पुढे ज्याने या देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्याच्या संसाराचा आरंभ असा झाला.

समुद्रापलीकडचा धनी

परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन लहान खोल्या आणि भरलेले घर. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंताचा जन्म झाला. पुढच्याच महिन्यात भीमराव नोकरीसाठी बडोद्याला गेले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. रमाबाईंचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे. मांडीवर तान्हे मूल, डोक्यावर सासऱ्यांचे छत्र नाही, आणि धनी सातासमुद्रापलीकडे.

वाचकहो, अमेरिकेतल्या त्या दिवसांविषयी आपण फार अभिमानाने बोलतो. भीमराव रात्रंदिवस वाचीत, पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळीत, शिष्यवृत्तीतून वाचवून थोडे घरी पाठवीत. हे सर्व खरे आहे. पण त्या पुस्तकांची किंमत परळच्या चाळीतही मोजली जात होती, हे आपण विसरतो. न्यूयॉर्कमधला विद्यार्थी अर्धपोटी राहून वाचीत होता, तेव्हा परळमधली त्याची पत्नी अर्धपोटी राहून त्याचे घर सांभाळीत होती. पदव्या एकाच्या नावावर लागल्या. उपास दोघांच्या खात्यावर आहेत.

ऑगस्ट १९१७ मध्ये बाबासाहेब परतले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. पण एवढ्या विद्वान माणसाला अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहायला जागा मिळेना. अपमान गिळून ते मुंबईला परत आले. वर्षभर ओढाताणीत गेल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार दरमहा साडेचारशे रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती. दुसऱ्या एखाद्या घरात दागिने घडले असते, चाळ सुटली असती. रमाबाईंच्या घरात तसे काहीच घडले नाही, कारण लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा साठवायचा होता. हातात आलेले चांगले दिवस परत सोडून देण्याची वेळ आली तेव्हा या बाईने हात धरला नाही. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीवर चढले आणि एप्रिल १९२३ पर्यंत परत आले नाहीत.

या काळातले एक पत्र आपल्याला ठाऊक आहे. १९२१ च्या नोव्हेंबरात लंडनहून बाबासाहेबांनी रमूला लिहिले. त्यात ते तिच्या अभ्यासाची चौकशी करतात आणि तो चालू असल्याचे वाचून आनंद झाल्याचे कळवितात. लग्नात निरक्षर असलेल्या पत्नीला त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती. मुलांच्या शाळेविषयी विचारतात. पैशांची तजवीज करीत आहोत असे सांगतात, आणि आपल्यालाही इथे पोटभर खायला मिळत नाही हे लपवीत नाहीत. शेवटी, फारच अडचण आली तर अंगावरचे दागिने विकून घर चालव, पुढे नवे करून देईन, असे सुचवितात.

या पत्रात गोडगोड बोलणे नाही. आहे ती खरी परिस्थिती, जशीच्या तशी. नवरा बायकोला खरी परिस्थिती केव्हा सांगतो? ती पेलण्याची ताकद तिच्यात आहे असे तो मानतो तेव्हा. दागिन्यांची ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे पुन्हा तिच्याकडे यावयाचे आहे.

लोकगीतांतून एक कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. साहेबांच्या स्वागताला जाण्याजोगे लुगडे नव्हते म्हणून रमाईंनी शाहू महाराजांनी साहेबांना दिलेला भरजरी फेटाच नेसला, अशी ती कथा. तिच्या तपशिलात आपण शिरू नये. समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, कारण तिच्यातली परिस्थिती आपल्या आज्यांच्या ओळखीची होती.

चार कळ्या

यशवंतानंतर या दांपत्याला गंगाधर, रमेश, इंदू व राजरत्न अशी चार मुले झाली. चौघांपैकी एकही जगले नाही. दारिद्र्य, चाळीतली दाटी, दूध नाही, औषधाला पैसा नाही. त्या काळच्या गिरणगावात किती घरांतून अशी तान्ही मुले गेली, त्याची गणती कोण करणार? पण ज्या घरातला बाप जगातल्या उत्तम विद्यापीठांचा पदवीधर होता, त्या घरातही मृत्यूने चार वेळा पाऊल टाकले. विद्या आली तरी दारिद्र्य एका रात्रीत जात नाही.

सर्वांत धाकटा राजरत्न १९ जुलै १९२६ रोजी गेला. त्याच्यावर बाबासाहेबांचा फार जीव होता. महिन्याभराने त्यांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. आम्ही उभयता या आघातातून सावरलो असे भासविण्यात अर्थ नाही, कधी सावरू असे वाटतही नाही, अशा आशयाची कबुली त्यात आहे. चार मुले मातीआड केल्याचे ते लिहितात, आणि आता आपले जीवन तण माजलेल्या बागेसारखे झाल्याचे सांगतात. पहाडासारखा हा माणूस आपल्या दुःखाबरोबर पत्नीच्या दुःखाचाही उल्लेख करतो, हे ध्यानात घ्या. एरवी पुरुषांच्या लिहिण्यात आईचे रडणे गृहीत धरलेले असते.

या आघातानंतर आठ महिन्यांत महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. २० मार्च १९२७ रोजी ज्या हातांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच हातांनी थोड्याच काळापूर्वी चौथे लेकरू मातीत ठेवले होते. आणि त्या लेकराची आई परळच्या खोलीत धन्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, कारण महाडला आपल्या माणसांवर हल्ला झाल्याच्या बातम्या येत होत्या.

दिवसातला अर्धा तास

१९२३ साली बॅरिस्टर होऊन आल्यावर तरी हाल संपले का? नाही. अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार येताना कचरत. जे येत ते बहुतेक गरीब, आणि त्यांच्याकडून बाबासाहेब पैसे घेत नसत. त्याच दोन खोल्यांत रमाबाई, यशवंत, विधवा जाऊ लक्ष्मीबाई व त्यांचा मुकुंद राहत, आणि साहेबांकडे येणाऱ्या माणसांची सतत रीघ असे. विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरच्या पत्नीने डोक्यावर शेणाचे भारे वाहिले, हे आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक आहे, कारण ते स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. एप्रिल १९२७ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत भारत हे पाक्षिक सुरू केले. पदरी लेखकवर्ग नव्हता. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने ते एकटे लिहून काढीत. वर्गणीदार पैसे देत नव्हते, पत्र कर्जात होते. तेव्हा फेब्रुवारी १९२८ मध्ये त्यांनी वाचकांपुढे हिशेब मांडला. हे पत्र चालविताना आपण काय काय गमावले, ते सांगताना त्यांनी पत्नीचा उल्लेख केला. आपण परदेशी असताना जिने रात्रंदिवस प्रपंचाची चिंता वाहिली आणि परतल्यावर विपन्नावस्थेत डोक्यावर शेण वाहून नेण्यासही जिने मागेपुढे पाहिले नाही, त्या मायाळू व शीलवान स्त्रीच्या सहवासात चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला घालविता येत नाही, अशी खंत त्यांनी व्यक्त केली.

वाचकहो, १९२८ साली आपल्या घरातले शेण कोण वाहते हे छापून सांगणारा दुसरा पुढारी तुम्ही दाखवा. पुढारी आपल्या त्यागाची वर्णने करतात, पत्नीच्या त्यागाची क्वचितच. आणि अर्धा तासही आपण तिला देऊ शकलो नाही, हा आपला उणेपणा चारचौघांत मान्य करणे तर फारच दुर्मीळ. बाबासाहेबांना पतिधर्मात सर्वथा निर्दोष ठरविण्याची गरज नाही. त्यांनी स्वतःच तसा दावा केलेला नाही. समाजाच्या वाट्याला जे आले ते रमाबाईंच्या वाट्यातून काढून घेतलेले होते, हे ते जाणत होते. समाजाने हे ऋण ओळखावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सिगालाला सांगितलेली कर्तव्ये

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला तो सिगालोवाद सुत्तात आला आहे. त्यात पतीची पत्नीविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : तिचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे व तिला अलंकार देणे. पत्नीचीही पाच कर्तव्ये आहेत : कामे नीट लावणे, आप्त-परिजनांना सांभाळणे, एकनिष्ठ राहणे, मिळालेले धन राखणे व कामात दक्ष राहून आळस न करणे. पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. मनुस्मृतीत पती देव होतो आणि पत्नी त्याची सेविका. इथे दोघेही कर्तव्याने बांधलेले आहेत.

या मापाने हा संसार मोजून पाहा. रमाबाईंच्या बाजूची पाचही कर्तव्ये पुरी झालेली दिसतील. साहेबांनी घरखर्चाचे पैसे त्यांच्या हाती द्यावे आणि त्यांनी ते महिनाअखेरपर्यंत पुरवावेत, अशी घराची रीत होती. दर दिवसाच्या खर्चाच्या पुड्या बांधून त्या ठेवीत असे सांगतात. जावेला व पुतण्याला त्यांनी परके मानले नाही. साहेब वाचनात बुडाले की ताट वाढून त्या ताटकळत बसत, पण त्या वाचनाचे मोल त्यांना कळत होते.

बाबासाहेबांच्या बाजूला पहिली चार कर्तव्ये आहेत. सन्मान त्यांनी जाहीरपणे केला, घराचा अधिकार पत्नीच्या हाती दिला. राहिले पाचवे, अलंकारांचे. लंडनहून लिहिलेल्या पत्रातले वचन आठवा. रमाबाईंच्या हाती पुढे सोन्याच्या बांगड्या आल्या, पण त्यांचे काय झाले ते चळवळीतली जुनी मंडळी सांगत असत. धारवाडला बळवंतराव वराळे अस्पृश्य विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवीत. हवापालटासाठी रमाबाई तिथे गेल्या होत्या. एके दिवशी अंगणात खेळणारी मुले दिसेनात. चौकशी करता कळले की, अनुदान आले नाही, कोठीत धान्य नाही, मुले उपाशी आहेत. रमाबाईंनी हातांतल्या बांगड्या काढून दिल्या व धान्य आणविले. स्वतःची चार लेकरे जिला वाचविता आली नव्हती, तिच्यापुढे दुसऱ्यांची लेकरे उपाशी उभी राहिली, तेव्हा तिने साहेबांची परवानगी मागितली नाही, की समाजाच्या फंडाची वाट पाहिली नाही. हा निर्णय तिचा स्वतःचा होता.

म्हणून आमचे म्हणणे असे की, रमाईंना केवळ सोसणारी बाई म्हणून पाहू नका. सोसणे वाट्याला आलेल्या बाया लाखो होत्या. रमाईंनी सोसले, पण त्याबरोबर घर चालविले, निर्णय घेतले, आणि हाती आले ते वाटून टाकले.

पंढरपूरची ओढ

आता त्यांच्या आयुष्यातील एका नाजूक प्रसंगाविषयी. रमाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. साहेबांना सुख मिळावे, त्यांना कोणी दगाफटका करू नये, म्हणून त्या शनिवारचा उपास करीत. धन्याचे शत्रू वाढत चालले आहेत, हे त्या चाळीतल्या खोलीतूनही पाहत होत्या. महाड झाले, मार्च १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, १९३१ मध्ये पुन्हा गेले. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे कराराच्या वेळी तर साऱ्या देशाचा रोष त्यांच्यावर ओतला जात होता. अशा वेळी घरातल्या बाईने देवाला साकडे घालावे, यात नवल ते काय?

त्यांची फार दिवसांची एकच इच्छा होती : पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे. चोखामेळ्याची पायरी जिथे आहे, त्या पंढरपूरला. बाबासाहेबांनी नकार दिला. जे देवस्थान आपल्या भक्तांना दाराबाहेर उभे करते, तिथे जाऊन त्यांनी पत्नीला पायरीवरून हात जोडू द्यायचे का? आपण आपल्या शीलाने, सेवेने व त्यागाने नवे पंढरपूर निर्माण करू, अशी त्यांनी तिची समजूत घातली.

वाचकहो, या प्रसंगावरून घाईने निवाडा देऊ नका. जिने आयुष्यात स्वतःसाठी फारसे काही मागितले नाही, तिची ही एक मागणी पुरी झाली नाही, हे खरे आहे. हा नकार देताना बाबासाहेबांना यातना झाल्या नसतील असे कोण म्हणेल? पण ती मागणी मान्य करणे म्हणजे जिच्यासाठी आपण लढतो तिनेच आपल्या अपमानाच्या दारी उभे राहणे होते. पत्नीचा सन्मान करणे हे पहिले कर्तव्य. तो सन्मान राखण्यासाठी तिची इच्छा मोडावी लागली. असा पेच ज्या संसारात येतो आणि तरी तो संसार मोडत नाही, तिथे दोघांचा एकमेकांवरचा विश्वास फार खोल असला पाहिजे.

राजगृहातील शेवट

हिंदू कॉलनी, दादर येथे बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी घर बांधले आणि बिंबिसार राजाच्या राजधानीवरून त्याचे नाव राजगृह ठेवले. तथागतांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या नगरीचे नाव त्या घराच्या दारावर आले, तेव्हा धर्मांतराची घोषणा अद्याप व्हायची होती. परळच्या चाळीतून रमाबाई त्या प्रशस्त घरात आल्या, पण शरीर तोवर झिजून गेले होते. औषधे, हवापालट, डॉक्टर सर्व झाले. प्रकृती सुधारली नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. वय अवघे सदतीस. कामासाठी वसईला गेलेले बाबासाहेब आदल्या रात्री परतले होते. शेवटच्या क्षणी ते जवळ होते.

सुमारे दहा हजार लोकांच्या साक्षीने वरळीच्या स्मशानभूमीत त्यांना निरोप देण्यात आला. उत्तरक्रिया यशवंताच्या हातून जुन्या रीतीने झाली, कारण दुसरी रीत आपल्याजवळ तेव्हा नव्हती. बाबासाहेब खोलीचे दार लावून रडले. त्यांनी मुंडन केले, भगवी वस्त्रे घातली, काही काळ ते विरक्तासारखे राहिले. मग ते कामाला लागले. जूनमध्येच शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. रमाबाईंना जाऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. या दोन घटनांची गाठ आपण आपल्या मनाने मारू नये. परंतु पंढरपूरच्या दाराशी अडलेली एक वाट येवल्याहून निघाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोचली, एवढे निश्चित. त्या वाटेवर चालायला रमाबाई नव्हत्या.

ऋण फेडावे कसे

१९४० साली बाबासाहेबांचा पाकिस्तानविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी रमूच्या स्मृतीला अर्पण केला. तिच्या अंतःकरणाचा चांगुलपणा, मनाची थोरवी, निर्मळ शील, आणि कोणी मित्र नसलेल्या काळजीच्या दिवसांत आपल्याबरोबर सोसण्याचे तिचे धैर्य, यांची कदर म्हणून ही अर्पणपत्रिका त्यांनी लिहिली. जिची अक्षरओळख जेमतेम होती, तिचे नाव अशा जाडजूड राजकीय ग्रंथाच्या आरंभी आले. त्या ग्रंथामागच्या वर्षांत तिचाही वाटा होता, असे ग्रंथकर्त्याने मानले.

पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्या सविता आंबेडकर म्हणून त्यांच्या अखेरच्या आजारपणाच्या वर्षांत त्यांच्याजवळ राहिल्या आणि नागपूरला त्यांच्याबरोबर धम्मदीक्षाही घेतली. एकीला मोठे करण्यासाठी दुसरीला लहान करण्याचे काही कारण नाही.

रमाबाईंनी धम्मदीक्षा घेतली नव्हती, मग बौद्ध घरांत त्यांची तसबीर का, असे कोणी विचारतो. त्याला उत्तर असे की, दान, शील, क्षांती, वीर्य या पारमिता ज्या जीवनात दिसतात त्या जीवनापुढे आपण आदराने उभे राहतो. ज्याला त्यांनी वाढविले तो यशवंत, आपले भैयासाहेब, पुढे भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्ष झाले. बाबासाहेबांनी दाखविलेल्या मार्गावर आईच्या पश्चात मुलगा चालला.

मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण देवदेवता सोडल्या. त्यांच्या रिकाम्या देव्हाऱ्यात रमाईंना बसवू नका. देवीला हार घातला की काम संपते. माणसाचे ऋण मानले तर ते फेडावे लागते. आणि ते कसे फेडावे, याची दिशा बाबासाहेबांनीच दाखविली आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. त्यात त्यांनी मुलींच्या लग्नाची घाई न करण्याविषयी सांगितले, आणि लग्न झालेल्या मुलीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा, असा उपदेश केला. ज्यांचे स्वतःचे लग्न मासळीबाजारात आठ-नऊ वर्षांच्या मुलीशी लावण्यात आले होते, त्यांचे हे सांगणे होते. एकोणतीस वर्षांच्या संसाराने त्यांना जे शिकविले ते त्यात उतरले नसेल का?

तेव्हा बंधूंनो, येत्या ७ फेब्रुवारीला हार जरूर घाला, पण त्याआधी आपल्या घरात एकदा सभोवार पाहा. तुमच्या चळवळीची, तुमच्या सभांची, तुमच्या रात्रीअपरात्री येणाऱ्या पाहुण्यांची किंमत कोण मोजते आहे? तिला तुम्ही चोवीस तासांतला अर्धा तास देता का? बाबासाहेबांना तो देता आला नाही, त्याची त्यांनी समाजापुढे कबुली दिली. आपल्यापाशी त्यांच्याएवढे काम नाही, म्हणून त्यांची सबबही आपल्याला नाही. आणि भगिनींनो, रमाईंचे नाव घेऊन कोणी तुम्हाला मुकाट्याने सोसायला सांगत असेल तर त्याला धारवाडच्या बांगड्यांची गोष्ट सांगा. त्या बांगड्या कोणी मागितल्या नव्हत्या. रमाईंनी त्या आपल्या हाताने, आपल्या निर्णयाने काढून दिल्या होत्या.

जय भीम! नमो बुद्धाय!